सातफुलीचा झगा

१

फुलघराची किल्ली माझ्याकडे आली, तेव्हा सगळं गाव म्हणालं, म्हातारीची समजूत काढली. खोटं नाही. पोराच्या एका हातातला सुरा काढून घेताना दुसऱ्या हातात केळं ठेवतात, तशी तिबुर्सियोबाबांनी माझ्या हातात किल्ली ठेवली.

"बारा दिवस मी डोंगरापलीकडच्या गावांत आहे, माकारिया. तिकडे पावसाच्या पूजा आहेत," ते म्हणाले. "रोज सकाळी झाडून घे, मेणबत्ती लाव, कॉफी न् पाव ठेव. दर तिसऱ्या दिवशी पेटी उघडून वारा दे. तुझ्याइतकं नीट कुणाला जमणार?"

"झगा शिवायला मात्र दुसरी चालते," मी म्हणाले.

बाबा पूजा सांगतात, कागद कापतात, गावाची दुखणी काढतात. त्यांना असं उलटून बोललेलं कुणी ऐकलं नसेल. ते रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं.

"डोळे, माकारिया. गेल्या वर्षी तू बाही उलटी जोडलीस."

एकवीस वर्षांत एक बाही. एक!

फुलघर म्हणजे कुडाच्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची एकच खोली. समोर झेंडूची कमान, कमानीखाली पाट, पाटावर सुगंधी लाकडाची पेटी. पेटीत सातफुली असते. शाळेचे मास्तर तिला तिच्या जुन्या नावाने चिकोमेशोचित्ल म्हणतात आणि पोरांना सांगतात की अझ्टेक राजांच्या काळापासून तिची पूजा होते. होत असेल. आम्हाला ती मक्याची पोर. आमच्या शेतात तीच उगवते आणि आमच्या तव्यावर तीच भाजते. बाबांनी कात्रीने कागदातून कापलेली, वीतभर उंचीची. दोन्ही हात डोक्याजवळ वर केलेले, डोळ्यांच्या जागी दोन भोकं, इवलीशी पावलं. शेजारी तिचा जुळा भाऊ. त्याला सदरा लागतो, तो कुणीही शिवतं. तिला मात्र दर वर्षी नवा झगा लागतो, मण्यांची माळ लागते, कानातलं लागतं, आणि विंचरायला नखाएवढा कंगवा.

मला मूल झालं नाही. हे एकदाच सांगते, पुन्हा विचारायचं नाही. नवरा गेला तेव्हाही मी इतकी रिकामी झाले नव्हते, जितकी या वर्षीच्या सातफुलीच्या सणात झाले. जी बाई एका पोरीचे एकवीस झगे शिवते, तिला लोक काय म्हणतात? मी तरी स्वतःला तेच म्हणत होते.

२

या वर्षीचा झगा ओतिलियाने शिवला. माझ्या पुतण्याची बायको. खालच्या बाजाराच्या गावातून आलेली. येताना पायाने चालवायचं शिवणयंत्र घेऊन आली. पुतण्या लांब मोंतेर्रे शहरात इमारतींवर कामाला आहे, ती पोरीला घेऊन माझ्या समोरच्याच घरात राहते. मध्ये फक्त अंगण, आणि अंगणात माझ्या कोंबड्या. तिची पोर देल्फी, तीन वर्षांची, गोल पोटाची, दिवसभर चिखलात. तरणे डोळे हिच्याकडे, यंत्र हिच्याकडे, पोर हिच्याकडे. आता माझी पोरही हिलाच हवी झाली होती.

झगा चांगला होता, हे मला कबूल करावं लागतं. हिरवं कापड, त्यावर बारीक पिवळी फुलं, पाठीला तीन बटणं. सणाच्या दिवशी बायका वाकून वाकून बघत होत्या. "काय गं बाई हात! जणू छापलाय!" मी मक्याच्या पानात उकडलेली तमाले वाढत होते. माझ्या हातून एक तमाल कुणाच्या तरी मांडीवर पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओतिलिया कापडाची घडी घेऊन माझ्या दारात आली. तिचं बोलणं नेहमी गोड. गोड बोलणाऱ्या माणसांशी भांडता येत नाही, म्हणून ती मला आणखीच आवडत नाहीत.

"काकू, एवढं कापड उरलंय बघा. देल्फीला छान झगा होईल. चालेल ना? तुम्हाला सगळं माहीत, म्हणून विचारलं."

मला सगळं माहीत होतं. उरलेलं कापड, चिंधीसुद्धा, घडी करून पेटीतच ठेवायचं असतं. माणसाच्या अंगाला लावायचं नसतं. ही शिवण माझ्याकडे आली तेव्हा सासूने मला हेच पहिलं शिकवलं होतं. "ती एकटी पोर आहे," सासू म्हणाली होती. "तिला वाटणी खपत नाही. कुणी चुकून ते घातलंच, तर दोघींपैकी एकीच्या अंगावरून ते कापड उतरवायचं, तरच सुटका. पण वेळेत."

सासूबाई जे सांगायच्या त्यातलं अर्धं सुनेला धाकात ठेवण्यासाठी असायचं. त्यामुळे मी त्याचा फार विचार केला नाही. मी वेगळाच विचार केला. देल्फी तो झगा घालून गावभर फिरेल, बायका बघतील, बाबांच्या कानावर जाईल. मग बाबा म्हणतील, पोरीला रीतभात कळत नाही, शिवण माकारियालाच द्या.

"चालेल की," मी म्हणाले. "चांगलं कापड वाया कशाला घालवायचं?"

"मला वाटलंच तुम्ही हो म्हणाल," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी आणलेली गोड पेज दारात ठेवून गेली. मी ती कोंबड्यांना घातली.

एवढंच माझ्या मनात होतं, शपथेवर सांगते. पण ओतिलियाचा झगा शिवून होईपर्यंत बाबा डोंगराकडे निघून गेले होते.

३

बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा पेटी उघडली.

नेहमीचंच काम. झाडून झालं होतं, मेणबत्ती लावून झाली होती, कॉफीची वाफ अजून येत होती. मी सातफुलीला दोन्ही हातांनी उचललं, झगा झटकला, आणि बोटाला काहीतरी ओलं लागलं. झग्याच्या घेराला माती होती. काळी, ओली, अंगणात सांडपाण्याच्या जागी असते तशी.

मी आधी छपराकडे पाहिलं. पत्रा गळत असेल. पण आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता. मग पेटीच्या तळाशी हात फिरवला. तळ कोरडा. भावाचा पांढरा सदरा स्वच्छ. माती फक्त हिच्या घेराला, आणि तीही पुढच्या बाजूला, पोरं उकिडवी बसली की लागते तशी.

मग मला कळलं. म्हणजे तेव्हा तसं वाटलं. ओतिलियाकडे दुसरी किल्ली होती! बाबांनी तिलाच खरी किल्ली दिली होती, आणि मला नुसतं झाडायला ठेवलं होतं. ती येते, पेटी उघडते, देल्फीला दाखवते. 'बघ, आईने केवढा सुंदर झगा शिवलाय.' आणि ती पोर आपले चिखलाचे हात लावते. इतका राग आला की मी माती खसाखसा पुसून काढली.

मी पेटी बंद केली आणि कडीला लाल दोरा बांधला, माझ्या गाठीने. ती गाठ दुसऱ्या कुणाला येत नाही.

४

सहाव्या दिवशी गाठ जशीच्या तशी होती. मी ती दोनदा तपासली, एकदा डोळ्यांनी आणि एकदा बोटांनी, कारण माझ्या डोळ्यांवर आता कुणाचाच भरवसा नाही, माझाही.

पेटीत सातफुलीच्या छातीवर घेवड्याच्या आमटीचा डाग होता. वाळलेला, कडेला पिवळा.

मी तिला नाकाजवळ नेलं. एकवीस वर्षं तिला कोपाल धुपाचा वास येतो, जुन्या कागदाचा वास येतो. आज मानेपाशी वेगळा वास होता. धूर, घाम आणि तेल. खेळून आलेल्या पोराच्या डोक्याला येतो तो.

सांगायला लाज वाटते, पण भीती मागाहून आली. आधी मी तो वास पुन्हा घेतला.

मग गाठ आठवली. गाठ कुणी सोडली नव्हती, मग डाग कुठून आला? मागचा कूड कुठे फुटलाय का, ते मी बाहेरून हात लावत लावत पाहिलं. उंदीरसुद्धा शिरला नसता. तरी मी मनाला म्हणाले, ही शहाणी बाजारगावची, हिला काय काय येत असेल. मत्सराला एक बरं असतं, त्याला कारण लागत नाही, फक्त माणूस लागतं. मी पेटीला पुन्हा गाठ बांधली, फुलघराला कुलूप लावलं आणि तरातरा ओतिलियाच्या दारात गेले.

"फुलघरात कशाला जातेस?"

ती पाट्यावर मका वाटत होती. मान वर करून म्हणाली, "मी? काकू, सणानंतर मी तिकडे फिरकलेसुद्धा नाही. मला वेळ कुठाय? ही पोर बघा ना, जेवतच नाही."

देल्फी चुलीशेजारी भिंतीला टेकून बसली होती. अंगात हिरवा झगा, पिवळी फुलं. "चार दिवस झाले, काढूच देत नाही," ओतिलिया म्हणाली. "त्यातच निजते."

चार दिवस अंगात असलेला झगा पेटीतून काढल्यासारखा कोरा होता. आणि ही तीच पोर, जिला सकाळी धुतलं तर दुपारी ओळखू येत नसे.

"इकडे ये गं," मी म्हणाले.

ती उठली आणि माझ्याकडे आली. चालताना आवाज झाला. पावलांचा नाही. वहीचं पान उलटताना होतो तो. मी ओतिलियाकडे पाहिलं. ती मका वाटत होती. वरवंट्याच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसावं.

५

मी देल्फीला उचलून घेतलं. महिन्यापूर्वी हिला उचलताना माझी कंबर धरली होती. आता मी जास्तच जोर लावला आणि ती एकदम माझ्या डोक्याच्या वर गेली, रिकामी टोपली उचलावी तशी.

"हलकी झालीये ना?" ओतिलियाने हात पुसले. तिचा गोडवा कुठे गेला होता कोण जाणे. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "दवाखान्यातल्या बाईंकडे नेलं. ताप नाही, जुलाब नाहीत. त्यांनी भूक लागायचं औषध दिलं. काकू, तिला भूकच नाही. आमटी पुढे ठेवली की हसते आणि म्हणते, 'मी जेवले.'"

"कुठे जेवली, विचारलंस का?"

"विचारलं. म्हणाली, तिकडे."

मी देल्फीला खाली ठेवलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले, कानांच्या बाजूला, तळवे समोर. तशीच उभी राहिली. मी एक, दोन, तीन करत वीसपर्यंत गेले. हात हलले नाहीत. पापणीही हलली नाही.

"ही नवीन खोड," ओतिलिया म्हणाली. "झोपेतही हात असेच."

त्या क्षणी सासूबाईंचं बोलणं आठवलं आणि त्यातलं अर्धंसुद्धा खोटं वाटेना. मी म्हणाले, "झगा काढ हिच्या अंगातला. आत्ता. उरलेल्या चिंध्याही दे. मी पेटीत ठेवते."

ओतिलियाने पोरीला जवळ ओढलं. "का?"

"काढ म्हणते ना!"

"तुम्हीच चालेल म्हणालात."

इथे मी खरं सांगायला हवं होतं. चार शब्द होते. 'मी मुद्दाम खोटं बोलले.' जिभेवर आले होते, तेवढ्यात तीच बोलली, आणि हळू आवाजात बोलली, हे वाईट झालं. ओरडली असती तर मी भांडले असते.

"काकू, सणापासून मी बघतेय. तुम्ही माझ्याकडे नीट पाहत नाही. तुमच्यासाठी आणलेली पेज कोंबड्यांना घालता, तेही मला दिसतं. मी गप्प राहिले. तुमचं काम माझ्याकडे आलं, तुम्हाला वाईट वाटलं, ते मला समजतं. पण या लेकराच्या अंगावरचा झगासुद्धा तुम्हाला बघवत नाही? स्वतःला पोर नाही म्हणून?"

मी चार शब्द गिळले.

"आजारी पोर आहे माझी," ती म्हणाली. "ती त्या झग्याला मिठी मारून निजते. तुम्ही घरी जा."

मी घरी गेले. कोंबड्यांना दाणे टाकले. मनात म्हणत होते, मरू दे, हिची हिने बघावी. आणि असं म्हणते आहे म्हणून स्वतःच्याच गालात एक मारून घेतली.

६

पुढचे दोन दिवस मी अंगणात बसून समोरच्या दाराकडे बघत होते. देल्फी बाहेर आली नाही. ओतिलिया दोनदा आली, पाणी घेऊन गेली, माझ्याकडे पाहिलं नाही.

मला उपाय माहीत होता. दोघींपैकी एकीच्या अंगावरून कापड उतरवायचं. ओतिलिया ऐकणार नव्हती, पण दुसरी पेटीत होती आणि किल्ली माझ्या कमरेला होती. पाठीची तीन बटणं. एवढंच काम. मी त्याच दिवशी जायला हवं होतं.

गेले नाही. का गेले नाही? मी स्वतःला सांगितलं, दर तिसऱ्याच दिवशी पेटी उघडायची, मध्ये उघडायची नाही, बाबांचा नियम आहे. एरवी मला नियमांचं एवढं कौतुक नाही. खरं कारण मानेपाशी आलेला तो वास होता. बटणं काढली की तो जाणार होता.

नवव्या दिवशी दुपारी निघाले. ऊन डोक्यावर होतं, गाव जेवून आडवं झालं होतं. ओतिलियाच्या दारावरून जाताना आत पाहिलं. ती चटईवर बसल्या बसल्या झोपली होती, डोकं भिंतीला. शेजारी देल्फीचं अंथरूण होतं, वरून पांघरूण. पांघरूण इतकं सपाट होतं की मला वाटलं, पोर बाहेर गेली असेल. मग पांघरुणाच्या वरच्या कडेला दोन तळवे दिसले. उघडे, वर केलेले.

मी धावत फुलघर गाठलं. या वयात.

७

कुलूप उघडलं आणि दार आतून लोटून घेतलं. कडीचा दोरा माझ्याच गाठीने बांधलेला होता. पेटीच्या आत काहीतरी हळू हळू घासत होतं. थांबत होतं, पुन्हा घासत होतं. तो आवाज मी ओळखला. गुंतलेल्या केसांतून कंगवा फिरवताना होतो तो. कागदाच्या केसांत गुंता होत नाही.

गाठ सोडायला मला फार वेळ लागला. झाकण उघडलं तेव्हा आवाज थांबला.

मेणबत्ती संपत आली होती, आणि माझे डोळे कसे आहेत ते सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणून जे दिसलं त्याची मी शपथ घेणार नाही. भाऊ बाजूला सरकून पेटीच्या कडेला चिकटला होता. ती मध्ये होती, आणि झगा तिला सगळीकडून घट्ट झाला होता. डोळ्यांच्या भोकांतून एरवी पेटीत अंथरलेलं फडकं दिसतं. आज फडकं दिसत नव्हतं. तिथे काहीतरी ओलं चमकलं आणि माझ्याकडे वळलं.

मी पाहणं थांबवलं. डोळे मिटून दोन्ही हात पेटीत घातले, तिला उचललं आणि मांडी घालून खाली बसले. मांडीवर वजन आलं. वीतभर कागदाचं किती वजन असतं ते मला माहीत आहे. माझ्या पायाला मुंग्या येतील एवढं हे वजन होतं. आणि ऊब होती. ती माझ्या पोटाशी सरकली, डोकं माझ्या छातीला लावलं, आणि मघाशी डोक्याजवळ वर असलेले हात खाली आले. माझ्या गळ्यात आले.

माझ्या गळ्यात आजवर कुणी हात घातले नव्हते. नवऱ्यानेही नाही, तो तसला माणूस नव्हता.

पाठीवरून बोटं फिरवत मी पहिलं बटण शोधलं. सापडलं. काढलं. मांडीवरचं वजन थोडं कमी झालं, लगेच, आणि गळ्यातले हात थंड पडायला लागले. मी थांबले. म्हटलं, जरा वेळ. एवढी वर्षं वाट पाहिली, आणखी जरा वेळ बसले तर कुणाचं काय जातंय? ओतिलियापुढे पूर्ण आयुष्य पडलंय, तिला दुसरी होईल, तिसरी होईल. मी बटण पुन्हा लावलं. माझ्या डोळ्यांना दिसत नाही म्हणतात, पण पहिल्याच झटक्यात लागलं. ऊब परत आली. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

तेवढ्यात बाहेर ओतिलियाचा आवाज आला. आधी लांबून, तिच्या दारातून. मग अंगणातून. मग जवळून, फाटलेला.

"देल्फी! देल्फी गं! कुठे गेलीस? अंथरुणात नाही गं बाई कुणी! काकू! कुणीतरी या! देल्फी!"

मांडीवरचं डोकं वर झालं.

"ओ, आई!"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. हाताखाली ओठ हलत होते.

"गप, बाळा," मी तिच्या कानात म्हणाले. "आई इथेच आहे."